समेवर यायचे कुणी?

यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो, हे वाक्य हल्ली इतक्या वेळा कानांवर येते की ते तपासून पाहण्याचे कुणाला सुचेनासे झाले आहे. मी ते तपासून पाहिले. तपासायला मला दोन वर्षे उशीर झाला आणि त्या उशिरापायी एका माणसाची बैठक गेली. तेव्हा हा लेख म्हणजे यंत्रविद्येचा कोरडा ऊहापोह आहे असे कुणी समजू नये. तो एक कबुलीजबाब आहे; आणि ज्या समजुतीमुळे तो द्यावा लागत आहे, तिच्याविरुद्ध तक्रारही आहे.

प्रसंग असा. एका जुन्या संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन करायचे ठरले. सारंगी, क्लॅरिओनेट, मंजिरी असे वादक गावोगाव बसमधून नेणे निर्मात्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्यांचे वादन आधी ध्वनिमुद्रित करून सॅम्पलरमध्ये भरले. ऑर्गन मी वाजवीत असे. सबब सॅम्पलरही माझ्याच डाव्या हाताशी आला. जिवंत राहिली तिघेच: गाणाऱ्या बाई, तबलजी आणि मी. तबलजी वयाने आम्हां सर्वांहून वडील. त्यांच्या कानात एक तार घालून दिली होती आणि तीतून सॅम्पलरची टिकटिक त्यांना ऐकू जाई. मिनिटाला ९६ मात्रा. ध्वनिमुद्रण करून देणाऱ्याने डबीवर हाच आकडा लिहिला होता आणि यंत्रात मी हाच आकडा घातला होता. दोन्हीकडे ९६. मग बिघडायचे कारणच काय?

बिघडले मात्र दर प्रयोगाला. पद सुरू होई तेव्हा सारे ठाकठीक. दुसऱ्या मिनिटाला काहीतरी खुपू लागे. चौथ्या मिनिटाला मंजिरी पुढे आणि तबला मागे अशी उघड फारकत होई. बाईंना सारंगी ऐकू येई म्हणून त्या सारंगीबरोबर जात. मग एखादी तान अर्ध्यावर आवरती घेत आणि समेवर कशाबशा उतरत. निर्माते म्हणाले, "काका मागे पडतात. वय झालं." कुणी प्रतिवाद केला नाही. एका तालमीत काकांनी कानातली तार काढून हातात धरली आणि मला विचारले, "अरे, मी हिच्या मागं जाऊ, का बाईंच्या?" मी म्हणालो, "काका, तुम्ही टिकटिक सोडू नका. यंत्र चुकत नाही." तीन प्रयोगांनंतर त्यांच्या जागी दुसरा वादक आला. तोही मागे पडे. पण तो तरुण असल्यामुळे त्याला 'सवय होईल' असे सांगण्यात आले.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी ते ध्वनिमुद्रण पुन्हा काढले, आणि पहिल्या समेपासून शेवटच्या समेपर्यंतचा काळ मी सहज मोजला. केरव्याची ४८ आवर्तने, म्हणजे ३८४ मात्रा. मिनिटाला ९६ प्रमाणे त्यांना बरोबर २४० सेकंद लागायला हवेत. लागत होते २३९.७५. ध्वनिमुद्रण ९६ चे नव्हते, ९६.१ चे होते. डबीवर लिहिताना दशांश कुणीतरी गिळला होता. पाव सेकंद! ९६ च्या लयीत मात्रेला पाऊण सेकंदाहूनही कमी, ०.६२५ सेकंद मिळतात. त्यांतला पाव सेकंद म्हणजे मात्रेचे दोन पंचमांश. जो माणूस मागे पडतो म्हणून आम्ही त्याला घरी बसवले, तो टिकटिकीशी शेवटपर्यंत इमानाने राहिला होता. टिकटिक आणि सारंगी एकाच पेटीतून निघत होत्या आणि एकमेकींशी भांडत होत्या. त्या भांडणात शिक्षा मात्र तिसऱ्याला झाली.

आता हे घडते कसे ते पाहू. ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॅम्पलर ही टेबलावर मावणारी पेटी. तिच्यावर बहुधा सोळा रबरी गाद्या असतात. त्यांना पॅड म्हणतात. पॅडवर बोट आपटले की आत साठवलेला आवाज वाजतो, मग तो एका टाळीएवढा असो की अख्ख्या पदाएवढा. साठवलेल्या आवाजाला सॅम्पल म्हणतात. पेटीत याखेरीज एक मोजणीदार असतो, तो सिक्वेन्सर. मोजणीदाराला मात्रा कळतात. सॅम्पलाला कळत नाहीत. सेकंदाला ४४,१०० या दराने टिपलेले आकडे त्याच दराने ओळीने बाहेर टाकीत जायचे, एवढेच त्याला ठाऊक. चार मिनिटांच्या पदाचे असे १,०५,८४,००० आकडे होतात. मोजणीदार पहिल्या समेला सॅम्पलाला एकदाच 'नीघ' म्हणतो. त्यानंतर दोघांचे बोलणे संपते. तुम्ही मध्येच लय वाढवा की उतरवा, मोजणीदार ऐकतो, सॅम्पल ऐकत नाही. ते आपल्याच नादात चालत राहते आणि संपते तेव्हाच थांबते.

दोन यंत्रे जोडली म्हणजे हे टळते, असाही एक समज आहे. १९८३ पासून वाद्यायंत्रांची मिडी नावाची सांकेतिक भाषा रूढ आहे. तीत एक यंत्र दुसऱ्याला दर मात्रेला २४ टिचक्या पाठवते. पण त्या टिचक्या ऐकतो तो दुसऱ्या यंत्राचा मोजणीदार. तिथले लांब सॅम्पल पूर्वीसारखेच बहिरे. शिवाय प्रत्येक यंत्रातला स्फटिक वेगळा. साध्या स्फटिकात दशलक्षात पन्नास भागांची चूक चालवून घेतात. चार मिनिटांत ती बारा सहस्रांश सेकंदांची होते, म्हणजे ऐकू येईल न येईल अशी. तासाभरात मात्र ती ०.१८ सेकंदांवर जाते. तात्पर्य, लहान तुकड्यात जी चूक नगण्य असते तीच लांब तुकड्यात साचत जाते. दोष यंत्राच्या वाईटपणात नाही. एकदा जुळवून दिले की जुळलेलेच राहील, या आपल्या श्रद्धेत तो आहे.

ही श्रद्धा आली कोठून? ती गरिबीतून आलेली नाही, सुबत्तेतून आली आहे. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये निघालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एकेक तुकडा असे आणि तो सुमारे आठ सेकंदांत संपे. पट्टी सोडून पुन्हा दाबल्यावाचून गत्यंतर नसे. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने एसपी-१२०० हे यंत्र काढले. त्याच्या पोटात सारे मिळून दहा सेकंद मावत. न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्या पोरांनी त्या दहा सेकंदांत संसार मांडला. ३३ फेऱ्यांची तबकडी ते ४५ फेऱ्यांनी वाजवून आत घेत आणि मग यंत्रात सावकाश करीत, म्हणजे तेवढीच जागा वाचे. एका ठोक्याएवढे, एका आवर्तनाएवढे तुकडे ते करीत आणि दर खेपेला नव्याने वाजवीत. पुढच्याच वर्षी रॉजर लिन यांनी अकाईसाठी रचलेले एमपीसी-६० आले. त्यातही मूळच्या स्मृतीत मावत ते जेमतेम तेरा सेकंद. या मंडळींचे तुकडे लयीतून सुटले नाहीत, कारण सुटण्याइतके ते लांबच नव्हते. आज बोटाच्या पेराएवढ्या कार्डावर तासन्‌ तास मावतात. तेव्हा कापायचे कशाला, अख्खे पदच टाका, असा हिशेब झाला. जागा वाढली आणि शहाणपण घटले.

माझ्या या म्हणण्याला उत्तर देणारे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष सोवळ्याचा. तो म्हणतो, यंत्रच फेकून द्या. संगीत नाटकाला यंत्राची गरज काय? ऐकायला हे फार उदात्त वाटते. पण असे म्हणणाऱ्यांपैकी कुणी सारंगियाचा प्रवासखर्च देऊ केल्याचे मला ठाऊक नाही. शिवाय सोवळे ही आपल्याकडची जुनी खोड. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने संवादिनीला दार बंद केले आणि पुढे कित्येक वर्षे ते उघडले नाही. त्याच संवादिनीला आज कुणी परकी म्हणेल काय? ज्या ऑर्गनवर माझे पोट चालते तोही काही सह्याद्रीत उगवलेला नव्हे. वाद्य परके की आपले हे ते कुठे जन्मले यावर ठरत नाही. ते साथ करते की नाही यावर ठरते. या पक्षाला मी याहून अधिक वेळ देणार नाही.

दुसरा पक्ष एक-बटनवाल्यांचा. तो अधिक घातक, कारण तो नव्याची बाजू घेतो आहे असे भासवतो. त्याची उत्तरे तीन आहेत.

पहिले उत्तर: आकडा नीट घाला, दशांशासकट. माझी चूक तीच होती, म्हणून हे उत्तर मला मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते. पण पुढे काय? सारंगिया आणि मंजिरीवाला माणसे होती. मुखड्याला ती किंचित सैल होती, अंतऱ्याला किंचित चढली होती. ९६.१ हा त्यांच्या चालीचा सरासरी आकडा. प्रत्येक आवर्तनाचा नव्हे. तो घातल्याने पहिली सम जुळेल, शेवटची जुळेल, आणि मधल्या सत्तेचाळीसांचे काय होईल ते रामाला ठाऊक. दोन टोके बांधली म्हणून दोरी सरळ होत नाही.

दुसरे उत्तर: सॅम्पल ताणा. याला टाइम-स्ट्रेच म्हणतात आणि ते अलीकडे अलाउद्दीनच्या दिव्यासारखे सर्वत्र सुचवले जाते. ताणणे म्हणजे प्रत्यक्षात काय? यंत्र आवाजाचे बारीक बारीक कण करते. लय उतरवायची तर काही कण दुबार वाजवते, चढवायची तर काही गाळते, आणि सांधे एकमेकांवर चढवून झाकते. सारंगीच्या लांब स्वराला हे शे-दोनशेत एक-दोन कणांपर्यंत सोसते. पण मंजिरीच्या टोकाला, तबल्याच्या 'ना'ला ते सोसत नाही. आघाताचा कण दुबार झाला की एका 'ना'चे दोन अस्पष्ट 'ना' होतात. ताणायचे नसेल तर वेग वाढवा, म्हणतात. मग स्वर चढतो. ९६ ची लय ९८ केली तर स्वर अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक वर सरकतो. माझा ऑर्गन जागचा हलत नाही. तो अपस्वर श्रोत्यांना सांगावा लागत नाही. त्यांच्या कपाळावरच तो दिसतो. काही नवी यंत्रे लय बदलेल तसतसे चालता चालता ताणतात, आवर्तनागणिक खुणा घालू देतात, हे खरे. पण खुणा घालणे म्हणजे तरी काय? ते कापणेच झाले. फक्त कात्री दाखवायची नाही, एवढेच.

तिसरे उत्तर सर्वांत राजरोस: माणसांनी यंत्राबरोबर जावे. तबलजीच्या कानात टिकटिक घाला, बाईंच्या कानात घाला, सारे आपोआप जुळेल. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात हे चालते आणि ते तिथे योग्यही आहे. कारण पडद्यावरचे चित्र कुणासाठी थांबत नाही, मालक तेच. पण रंगभूमीवर मालक कोण? १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून मराठी प्रेक्षकाने एक हक्क मिळवला आहे, त्याचे नाव वन्समोअर. तो हक्क आधी ठरवून बजावता येत नाही. बाई अंतऱ्यावर रंगल्या, पिटातून आरोळी आली, की अंतरा पुन्हा आला पाहिजे, आणि दुसऱ्या खेपेला तो पहिल्यासारखा येता कामा नये. चार मिनिटांचे सॅम्पल याला काय उत्तर देणार? ते तर पुढच्या कडव्यात गेलेले असते. आमच्या प्रयोगात बाई हात जोडून प्रेक्षकांना गप्प करीत. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता; ती लाचारी होती.

तालमीतही तेच. दिग्दर्शक म्हणतात, "दुसऱ्या अंतऱ्यापासून घ्या." मोजणीदार दुसऱ्या अंतऱ्यावर जाऊन उभा राहतो, टिकटिक सुरू होते, आणि सारंगी गप्प. कारण तिला 'नीघ' म्हणण्याची जागा पहिल्या समेला होती व ती मागे राहिली. मग पुन्हा सारे पहिल्यापासून. एका मिनिटाच्या दुरुस्तीसाठी चार मिनिटे. तालीम कुणाची चालली आहे, नटांची की यंत्राची, असा प्रश्न पडावा.

मग करावे काय? जे आपल्या संगीताला शेकडो वर्षे ठाऊक आहे तेच करावे. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा धरतात. संवादिनीवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाची चाल अर्धा अर्धा तास वाजवीत राहतो. अर्ध्या तासाची चाल कुणी रचीत नाही. चाल एका आवर्तनाची. ती दर समेला नव्याने सुरू होते, आणि तबलजीने लय चढवली की पुढच्याच आवर्तनाला चढते. लयीत राहणे ही एकदा लाभून कायम टिकणारी अवस्था नव्हे. ती दर समेला पुन्हा मिळवायची गोष्ट आहे.

सॅम्पलरला हेच शिकवता येते आणि शिकवायला फारसे अवघडही नाही. मी आमचे ते पद पुन्हा घेतले आणि समेसमेवर कापले. अठ्ठेचाळीस तुकडे झाले. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीच्या ऑक्टाट्रॅक यंत्रात एका सॅम्पलाचे चौसष्ट तुकडे करता येतात. म्हणजे आमचे पद बसून वर सोळा उरतात. आता दर समेला मोजणीदार म्हणतो, 'नीघ', आणि नवा तुकडा निघतो. चूक गेली काय? गेली नाही. ९६ आणि ९६.१ यांतले अंतर तसेच आहे. पण एका आवर्तनात ते पाच सहस्रांश सेकंदांचे होते, आणि तेवढ्या वेळात आवाज पावणेदोन मीटर जातो, म्हणजे माझ्या ऑर्गनपासून तबल्यापर्यंत. पुढच्या समेला हिशेब पुन्हा शून्यावर. कर्ज तेवढेच, पण रोजचे रोज फेडलेले.

कापल्याने आवाज तुटतो, हा आक्षेप मी ऐकला आहे. आंधळेपणाने कापले तर तुटतोच. लहर शून्यावरून जाते तिथे कापावे, म्हणजे 'टक्‌' होत नाही. तुकड्याच्या शेवटी सारंगीच्या झंकाराची शेपटी राहू द्यावी, आणि यंत्राला असे सांगावे की नवा तुकडा निघाला म्हणून जुन्याचा गळा दाबू नकोस. यासाठी लागोपाठचे तुकडे आलटून पालटून दोन वेगळ्या वाटांवर ठेवावे, म्हणजे एकाची शेपटी विरते तोवर दुसऱ्याचे डोके आलेले असते. एखादी मींड समेवरून पलीकडे जात असेल तर तिथे कापू नये. दोन आवर्तनांचा एकच तुकडा ठेवावा. आणि जिथे समच नाही तिथे कात्रीच लावू नये. तंबोरा, पाऊस, समुद्र, रानातली किरकिर, ही सॅम्पले हवी तितकी लांब असोत. त्यांना कुणाला गाठायचे नसते.

हे सारे करायला मला तीन रात्री लागल्या. एक बटन दाबायला क्षण लागतो. एक-बटनवाल्यांचा खरा युक्तिवाद एवढाच आहे आणि तो पैशाचा आहे. ते तसे म्हणत नाहीत. ते 'यंत्र चुकत नाही' असे म्हणतात.

आणि कापून झाले की एक पाऊल पुढे जाता येते, तेच मुख्य. तुकडा निघण्याचा हुकूम मोजणीदारानेच द्यावा असे कुठे लिहिले आहे? एक पॅड तबलजीच्या डग्ग्याशेजारी ठेवा. समेला त्याने बोट टेकवले की तुकडा निघेल. बाईंनी लय ओढली, तबलजीने ती ओळखली, सम थोडी उशिरा आली; सारंगीही तेवढीच उशिरा येईल, कारण तिला दुसरा मार्गच नाही. बाई घाईत असतील तर नवा तुकडा लवकर निघेल आणि जुन्याची शेपटी त्याच्याखाली विरेल. वन्समोअर आला तर अंतऱ्याचे तुकडे पुन्हा घ्यावे. कानातली तार हवी कशाला? आजवर तबलजी यंत्राला गाठीत होता. आता यंत्र समेवर येईल, आणि समेची जागा माणूस दाखवील. साथ म्हणतात ती हीच. जुळणे आणि साथ करणे यांत अंतर आहे. दोन घड्याळे जुळतात. साथ मात्र तोच करतो जो दुसऱ्यासाठी थांबू शकतो.

माझ्या मागण्या लहान आहेत. ध्वनिमुद्रण करून देणाऱ्याने डबीवर गोल आकडा लिहू नये; आवर्तने किती आणि पहिल्या समेपासून शेवटच्या समेपर्यंत सेकंद किती, ते लिहावे. भागाकार आम्ही करू. तालमींचे वेळापत्रक आखणाऱ्याने सॅम्पल कापण्याचे दिवस त्यात धरावे. आणि लय बिघडली असे वाटेल तेव्हा निर्मात्यांनी माणसाच्या वयाकडे बोट दाखवण्यापूर्वी यंत्र मोजावे. त्याला घड्याळ आणि पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मी दिली नाहीत.

काकांकडे मी जाऊन आलो. २३९.७५ चा आकडा कागदावर लिहून नेला होता. त्यांनी तो पाहिला, घडी केली आणि म्हणाले, "मला ते तेव्हाच कळलं होतं रे. पण तुझ्या पेटीपुढं माझं कोण ऐकणार?" नव्या तालमी पुढच्या महिन्यात सुरू होतील. डग्ग्याशेजारी पॅड ठेवलेले आहे. या, असे मी त्यांना कळवले आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.